दादांचा ट्रान्झिस्टर इलिमिनेटरवर कसा घेतला

दादांचा ट्रान्झिस्टर चार मोठ्या सेलवर चालतो. आई सकाळी 7 वाजून 5 मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांना तो लावते आणि स्वयंपाक उरकेपर्यंत बंद करत नाही, त्यामुळे सेल सारखे उतरायचे. घरच्या विजेवर घ्यायचं ठरवलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आत्याकडचा सेट होता. इलिमिनेटरवर (म्हणजे सेलऐवजी घरच्या विजेवरून कमी व्होल्ट देणाऱ्या अडॅप्टरवर) 6 व्होल्ट लिहिलेलं, पिनही नीट बसली, म्हणून तिच्याकडे तो लावला गेला. पोलॅरिटी, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हची बाजू, उलटी निघाली आणि आवाजाच्या शेवटच्या टप्प्यातले जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर (रेडिओच्या आतले त्या नावाचे छोटे भाग) जळाले. त्या जातीची चांगली जुळणारी जोडी आता मिळवायला फार हिंडावं लागतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात सेलच्या कप्प्यापासून करा. सेल किती आणि कोणत्या दिशेने बसतात ते पाहा. चार असतील तर 6 व्होल्ट, सहा असतील तर 9. नवे चार सेल मिळून प्रत्यक्षात 6.4 व्होल्टच्या आसपास भरतात आणि 5 व्होल्टपर्यंत उतरले तरी रेडिओ बहुधा बोलत राहतो. म्हणजे व्होल्टेज थोडं कमी पडलेलं चालतं, जास्त झालेलं महागात जातं. कप्प्यात सेल गळून पांढरे-हिरवे डाग पडले असतील तर आधी ते काढा: साध्या स्वस्त सेलच्या गळतीला खाण्याच्या सोड्याचं पाणी, अल्कलाइन सेलच्या गळतीला थोडं लिंबू किंवा व्हिनेगर. कानकोरणीच्या कापसाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. सेटच्या आत काचेचे व्हॉल्व्ह दिसले किंवा 90 व्होल्टच्या बॅटरीचा उल्लेख दिसला, तर तो या पद्धतीने चालवायचा नाही, जाणकाराकडे न्या. सेटला थेट विजेची वायर असेल आणि मागे 110/220 चं बटण असेल (आखातातून आलेल्या सेटना असतं), तर इलिमिनेटरची गरजच नाही. बटण 220 वर आहे ना आणि वायरचं रबर तडकलेलं नाही ना, एवढं बघा.

आता इलिमिनेटर. बाजारात दोन तऱ्हा मिळतात. एक हातात जड लागणारा ट्रान्सफॉर्मरचा, दुसरा मोबाइलच्या चार्जरसारखा हलका. हलका व्होल्टेज अचूक देतो, पण मीडियम वेव्हवर स्टेशनच्या जोडीला खरखर आणतो. मी तो पुण्याच्या 792 किलोहर्ट्झवर लावून पाहिला. निवेदन ऐकू येत होतं, पण पाच मिनिटांत डोकं दुखायला लागलं. जड इलिमिनेटर त्या बाबतीत शांत असतो. त्याची खोड वेगळी: भार नसताना, म्हणजे त्यावर काही चालत नसताना, तो लिहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज देतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला माझा 6 व्होल्टचा इलिमिनेटर मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजायच्या यंत्रावर) 9.3 दाखवत होता. रेडिओ हळू आवाजात असताना जेमतेम 10-20 मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे त्याच्या वाट्याला जवळजवळ तेवढंच व्होल्टेज येणार. इलिमिनेटरच्या दोन टोकांना 47 ओहमचा 5 वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावून पुन्हा मोजा, म्हणजे भाराखाली तो किती उतरतो ते कळेल. करंटचा आकडा मोठा असला तर काळजी नको. 500 मिलिअँपिअरचा इलिमिनेटर रेडिओला लागेल तेवढाच करंट देतो.

हे वाढीव व्होल्टेज आवरायला मी 9 व्होल्टचा जड इलिमिनेटर घेतला आणि पुढे 7806 रेग्युलेटर बसवला. हा तीन पायांचा भाग बाहेर कायम 6 व्होल्ट देतो, पण त्यासाठी त्याला आत थोडं जास्त व्होल्टेज लागतं. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावा पाय आत येणाऱ्या पॉझिटिव्हचा, मधला निगेटिव्हचा, उजवा बाहेर जाणाऱ्या 6 व्होल्टचा. आत येणाऱ्या बाजूला 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर लावला की गुणगुण जाते, आणि बाहेरच्या बाजूला 0.1 मायक्रोफॅरडचा. मग 500 मिलिअँपिअरचा काचेचा फ्यूज. हे सगळं प्लॅस्टिकच्या वेगळ्या डबीत ठेवा, रेडिओच्या आत नको. याचं कारण असं की जर्मेनियमच्या पुष्कळ सेटमध्ये पत्र्याला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं, आणि 7806 च्या पाठीची पट्टी निगेटिव्ह असते. दोन्ही एकमेकांना टेकले की शॉर्ट.

पोलॅरिटी रेडिओकडूनच शोधायची. सगळे सेल काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक कप्प्याच्या पॉझिटिव्ह पत्रीला, दुसरं बारीक तारेने जॅकच्या (इलिमिनेटरची पिन बसते त्या भोकाच्या) मधल्या भागाला आणि मग बाहेरच्या कड्याला लावून पाहा. जिथे बीप वाजेल ती बाजू पॉझिटिव्ह. निगेटिव्ह स्प्रिंगवर हीच खात्री पुन्हा करा. जुन्या जपानी सेटमध्ये बऱ्याचदा मधला भाग निगेटिव्ह असतो, आजच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये तो पॉझिटिव्ह असतो. आत्याकडे नेमकं हेच नडलं. शिवाय काही सेटमध्ये इयरफोनचं भोक आणि विजेचं भोक एकाच मापाचं, 3.5 मिलिमीटरचं असतं. विजेच्या भोकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या.

दादांच्या सेटला जॅकच नव्हता आणि त्याला भोक पाडणं माझ्या जिवावर आलं. आईच्या जुन्या लाटण्याचे मोठ्या सेलच्या मापाचे, सुमारे 61 मिलिमीटर लांबीचे दोन तुकडे कापले, जाड होते ते कानशीने घासून 33 मिलिमीटरवर आणले. एकाच्या टोकाला पितळी स्क्रू लावून त्यातून लाल वायर, दुसऱ्याला काळी. कप्प्यात जिथे रांगेचं पॉझिटिव्ह टोक टेकतं तिथे लाल, निगेटिव्ह टोकाच्या स्प्रिंगला काळा. मधल्या दोन जागा रिकाम्या. सेल आणि इलिमिनेटर एकत्र कधीच ठेवायचे नाहीत. साधे सेल उलटे चार्ज होऊन तापतात, गळतात, फुटूही शकतात.

पहिल्यांदा चालू करताना लाल वायरमध्ये टॉर्चचा 6 व्होल्ट, 0.3 अँपिअरचा बल्ब सिरीजमध्ये लावा, म्हणजे वायर मध्येच तोडून दोन्ही टोकं बल्बला जोडा. आधी पिन रेडिओत, मग भिंतीवरचं बटण, शेवटी रेडिओचं; 3.5 ची पिन चालू विजेवर आत सरकवताना क्षणभर शॉर्ट होते. बल्ब मंद राहिला किंवा पेटलाच नाही तर उत्तम. लख्ख पेटला तर लगेच बटण बंद करा आणि जोडणी पुन्हा तपासा. ठीक चाललं तर बल्ब काढा, तासभर ऐका, डबी आणि इलिमिनेटरला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर नाही. पुट-पुट आवाज येत असेल तर दोष बहुतेक रेडिओतल्या वाळलेल्या कपॅसिटरचा असतो, इलिमिनेटर बदलून तो जात नाही.

आमच्या डबीवर कागद चिकटवला आहे: 6 व्होल्ट, लाल पॉझिटिव्ह, फक्त दादांचा रेडिओ. आईला मी एवढंच सांगितलं आहे की बातम्या झाल्या, स्वयंपाक उरकला की भिंतीवरचं बटणही बंद करायचं. ती करते.