न्हावा-शेव्याच्या जहाजांचे वेळापत्रक कसे वाचावे

निर्यातीचे बुकिंग झाले की फॉरवर्डरकडून, म्हणजे जहाजावर जागा मिळवून देणाऱ्या मध्यस्थाकडून, एक कागद येतो आणि त्यावर जहाजाचे नाव, फेरीचा क्रमांक व सुटण्याची तारीख असते. नवा निर्यातदार ती तारीख आगगाडीच्या वेळेसारखी धरतो आणि पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधून ट्रक कधी काढायचा, याचा हिशेब तिच्यावरून उलटा मांडत जातो. द्राक्षाच्या हंगामात या एका गैरसमजापायी किती ट्रक बंदराच्या फाटकाबाहेर उभे राहतात, हे करळ फाट्यावर तासभर थांबणाऱ्यालाही दिसेल. जहाजाची तारीख हा एक अंदाज असतो आणि तो रोज, कधी दिवसातून दोनदा बदलतो. म्हणून जहाज केव्हा येणार यापेक्षा त्याच्यासाठीचा धक्का केव्हा मोकळा होणार आणि आपल्यासाठीचे फाटक केव्हा बंद होणार, या दोन प्रश्नांची उत्तरे वेळापत्रकातून काढायला शिकावे.

जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. व्यवहारात सगळे त्याला न्हावा-शेवाच म्हणतात आणि कागदोपत्री त्याचा संकेत ‘आयएनएनएसए’ असा असतो. मात्र कंटेनरच्या दृष्टीने ते एक बंदर नसून शेजारी शेजारी उभी असलेली अनेक टर्मिनले आहेत. पूर्वीचे जेएनपीसीटी आता एनएसएफटी या नावाने चालते. १९९९ मध्ये सुरू झालेले एनएसआयसीटी हे देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल होते. त्याशिवाय एनएसआयजीटी, जीटीआय आणि बीएमसीटी ही टर्मिनले आहेत. प्रत्येकाची जहाजांची यादी वेगळी, फाटक वेगळे आणि माल स्वीकारण्याची मुदतही वेगळी असते. वेळापत्रकात सर्वांत आधी टर्मिनलचा रकाना वाचावा. तारीख बरोबर आणि टर्मिनल चुकीचे, अशी गाडी परत फिरवण्यात अर्धा दिवस सहज जातो. शिवाय धक्क्यांवर गर्दी असेल तर एखादे जहाज ऐनवेळी दुसऱ्या टर्मिनलकडे वळवले जाते, त्यामुळे हा रकाना गाडी काढण्याच्या दिवशी पुन्हा एकदा पाहावा.

त्यानंतर जहाजाची ओळख पक्की करावी. नावावर विसंबून राहू नये, कारण मालक बदलला की नाव बदलते आणि एकाच कंपनीच्या ताफ्यात एका अक्षराच्या फरकाची नावे असतात. आयएमओ क्रमांक, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या व्यवस्थेतला ओळख क्रमांक, मात्र जहाजाच्या बांधणीपासून ते मोडीत निघेपर्यंत तोच राहतो. तो सात अंकी असतो आणि त्याचा शेवटचा अंक आधीच्या सहा अंकांवरून ठरतो. पहिल्या सहा अंकांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणून बेरीज करावी; बेरजेचा एकम स्थानचा अंक हाच सातवा अंक असला पाहिजे. उदाहरणार्थ, ९४३५१२९ या क्रमांकात ६३, २४, १५, २०, ३ आणि ४ यांची बेरीज १२९ येते आणि शेवटचा अंक ९ आहे, म्हणजे क्रमांक लिहिताना चूक झालेली नाही. फेरीच्या क्रमांकाबाबत अधिक सावध राहावे लागते. एकाच जहाजावर तीन-चार शिपिंग कंपन्या जागा वाटून घेतात आणि प्रत्येक कंपनी त्याच फेरीला आपला वेगळा क्रमांक देते. त्यातच येतानाच्या आणि जातानाच्या फेरीचे क्रमांकही बहुधा निराळे असतात. न्हावा-शेव्यात यावर उतारा म्हणजे व्हीआयए क्रमांक. त्या जहाजाच्या त्या एका भेटीसाठी तो दिलेला असतो, त्यामुळे फॉरवर्डर, सीएचए (सीमाशुल्काचे काम पाहणारा दलाल) आणि वाहतूकदार यांच्याशी बोलताना तोच वापरावा.

आता वेळांचे रकाने. ईटीए म्हणजे जहाज बंदराच्या हद्दीत, पायलट (बंदरात वाट दाखवणारा नाविक) घेण्याच्या जागी पोहोचण्याचा अंदाज. ईटीबी म्हणजे ते धक्क्याला लागण्याचा अंदाज. ईटीडी म्हणजे धक्का सोडण्याचा अंदाज. यांतल्या ‘ई’च्या जागी ‘ए’ आला की ती घडून गेलेली वेळ समजावी. बहुतेक लोक ईटीए पाहतात, पण माझ्या मते तिन्हींत सर्वांत कमी उपयोगी वेळ तीच. जहाज वेळेवर येऊनही बाहेर नांगरावर दोन दिवस पडून राहू शकते. नांगरावरची रांगही आधी येईल त्याला आधी धक्का, अशी सरळ नसते. नियमित सेवांना टर्मिनलने आठवड्यातली ठरावीक वेळ राखून दिलेली असते. ती पाळून आलेले जहाज उशिरा आलेल्या जहाजाच्या पुढे जाते आणि आपली वेळ चुकवलेल्याला फट मिळेपर्यंत थांबावे लागते. म्हणून आपले जहाज मागच्या बंदरातून केव्हा सुटले, हे आधी शोधावे. दुबईच्या जेबेल अली बंदराहून न्हावा-शेवा हजाराहून थोडे अधिक सागरी मैल आहे आणि ताशी पंधरा सागरी मैल या गतीने त्याला जवळजवळ तीन दिवस लागतात. मागचे बंदर सोडलेले नसतानाही जर यादीत परवाची तारीख असेल, तर ती कोणी बदलायची राहून गेली आहे, एवढाच तिचा अर्थ.

ईटीबी स्वतः ताडून पाहायची असेल तर आपल्या जहाजाकडे न पाहता त्या धक्क्यावर आधी लागलेल्या जहाजाकडे पाहावे. समजा, ते सोमवारी सकाळी सहाला लागले आणि त्याच्यावर चढवायचे व उतरवायचे मिळून तीन हजार कंटेनर आहेत. चार क्रेन लावल्या आणि प्रत्येक क्रेनने तासाला पंचवीस कंटेनर हलवले, तर तासाला शंभर म्हणजे तीस तासांचे काम झाले. मंगळवारी दुपारी बाराला ते उरकेल. कंटेनरांचे बंध आवळणे, कागदपत्रे, पायलट आणि टग येणे, यात दीड-दोन तास गेले की धक्का मोकळा होईल, आणि आपले जहाज आत आणून बांधेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजतील. यादीत आपली ईटीबी मंगळवारी सकाळची दाखवलेली असली तरी ती शक्य नाही, हे एवढ्या हिशेबावरून कळते. आपल्या जहाजावरही तितकेच काम असेल तर ते बुधवारी रात्री अकराच्या सुमारास संपेल.

ते तेव्हाच सुटेल का, हे मात्र समुद्र ठरवतो. मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा यांची जहाजे एकाच मुख्य खाडीमार्गाने ये-जा करतात. तो खोदून खोल केलेला असला तरी पूर्ण भरलेल्या मोठ्या जहाजाच्या तळाखाली पुरेसे पाणी राहण्यासाठी भरतीची मदत घ्यावी लागते. उधाणाच्या दिवसांत मुंबईला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, तर अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत, तो निम्म्यावर येतो. भरतीची अचूक वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांत अपोलो बंदराच्या नोंदीवरून मिळते. पण तक्ता हाताशी नसेल तर कोकणात पिढ्यान्पिढ्या चालत आलेले गणित पुरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पक्ष शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने करावी. कॅलेंडरवरच्या तिथीवरून बाराशे फूट लांबीच्या जहाजाचा अंदाज बांधता येतो, ही गोष्ट मला आजही गमतीची वाटते.

वरच्या उदाहरणातला बुधवार चतुर्थीचा असेल तर रात्री अकराला काम संपताना ओहोटी नुकतीच उलटलेली असेल. जहाज हलके असेल तर त्याला त्याचे काही वाटणार नाही आणि ते तसेच निघेल. खोल बुडालेले असेल तर त्याला गुरुवारी पहाटेच्या, म्हणजे पंचमीच्या पावणेचारच्या भरतीची वाट पाहावी लागेल. ती वेळ चुकली तर पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी येते, आणि दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसल्यामुळे उथळ भरती सोडून देऊन त्याच्या पुढच्या भरतीपर्यंतही थांबावे लागू शकते. चार-पाच तासांच्या विलंबामुळे यादीतली ईटीडी एकदम एका दिवसाने पुढे गेलेली दिसते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे ते पाण्यात किती खोल बुडालेले आहे ते माप, यादीत दिलेला असतो. आसपासच्या जहाजांपेक्षा तो बराच जास्त असेल तर पंचांग उघडावे.

अनेकजण हल्ली जहाजांची हालचाल दाखवणाऱ्या नकाशांवर अवलंबून राहतात. ते उपयोगी आहेत, पण त्यांतले काय खरे मानायचे हे माहीत हवे. जहाजाचे स्थान, गती आणि दिशा यंत्रातून आपोआप प्रसारित होतात, त्यामुळे त्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. पुढचे बंदर आणि तिथे पोहोचण्याची वेळ मात्र जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो. ती बदलायची राहून जाते आणि मागच्याच बंदराचे नाव दिवसभर झळकत राहते. शिवाय ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवल्याशिवाय ती आपल्या उपयोगाची नाही. रात्री आठ असे वाचून निश्चिंत झालेल्या माणसाचे जहाज खरे तर दुसऱ्या दिवशी पहाटे दीडला येणार असते. नकाशावर जहाज मुंबईबाहेर स्थिर दिसले आणि त्याची अवस्था नांगरावर अशी लिहिलेली असली, तर धक्क्याचा हिशेब वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा करावा.

आता फाटकाकडे वळू. निर्यातदाराची खरी अंतिम वेळ ही जहाज सुटण्याची नसून टर्मिनलच्या कटऑफची असते. यादीत प्रत्येक जहाजासमोर फाटक उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ दिलेली असते. ती उघडण्याआधी गाडी पाठवली तर ती स्वीकारली जात नाही आणि बंद झाल्यावर पाठवली तर कंटेनर पुढच्या जहाजावर जातो. आत जाण्यासाठी फॉर्म १३ लागतो. १ जुलै २०१६ पासून प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन, ज्याला सगळे व्हीजीएम म्हणतात, ते जहाजावर चढवण्याआधी देणे जगभर बंधनकारक आहे. शिपिंग कंपनीला मालाचा तपशील देण्याची मुदत तर फाटकाच्याही आधी संपते, आणि सीमाशुल्क विभागाचा निर्यात मंजुरीचा आदेश वेळेत मिळाला नाही तर टर्मिनलच्या आत पोहोचलेला कंटेनरही जहाजावर चढत नाही. या सगळ्या मुदती एका कागदावर ओळीने लिहून त्यांतली सर्वांत आधीची वेळ ठळक करावी आणि ट्रक तिच्यावरून ठरवावा. जहाज लांबले की कटऑफही लांबतोच, असे गृहीत धरू नये. पुष्कळदा तो लांबतो, पण टर्मिनलने तसे जाहीर करेपर्यंत जुनीच वेळ खरी मानावी. शीत कंटेनरच्या बाबतीत मी उलटा धोकाही सांगेन. फाटक उघडताच घाई करून आत टाकलेला द्राक्षांचा कंटेनर जहाज दोन दिवस लांबले तर टर्मिनलमध्ये वीजजोडणीवर उभा राहतो, आणि फळ टिकण्याचे दिवस तितक्याने कमी होतात.

माल पतपत्रावर, म्हणजे बँकेच्या एलसीवर, निघत असेल तर बिल ऑफ लेडिंगवरची (शिपिंग कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवरची) जहाजावर चढल्याची तारीख पतपत्रातल्या अखेरच्या तारखेच्या आत असावी लागते. बुधवारी रात्री चढणारा कंटेनर मध्यरात्रीनंतर चढला आणि पतपत्राची मुदत बुधवारची असेल, तर बँक कागदपत्रे सदोष ठरवते. म्हणून पतपत्रातील तारीख वेळापत्रकातील तारखेच्या किमान आठवडाभर पुढची मागून घ्यावी.

आयातदाराला लवकर आलेल्या जहाजाचा त्रास अधिक होतो. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे सीमाशुल्क विवरणपत्र, जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावे लागते आणि सुट्टीचा दिवसही त्यात धरला जातो. उशीर झाला की विलंबशुल्क लागते. अपेक्षित आगमनाच्या तीस दिवस आधीपासून ते भरता येत असल्यामुळे यादीवर डोळा ठेवत शेवटच्या दिवसाची वाट पाहण्यात काही हशील नाही.

काही विलंब यादीवरून ओळखताच येत नाहीत. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात तरंगू लागले आणि तो सामाईक मार्ग काही दिवस बंद राहिल्याने दोन्ही बंदरांची वाहतूक एकदम थांबली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपची अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा न्हावा-शेव्याला परत येणाऱ्या जहाजांच्या तारखाही विस्कटल्या. अशा काळात कंपन्या एखादी फेरी रद्द करतात किंवा एखादे बंदर गाळून पुढे जातात. यादीतून जहाजाचे नावच नाहीसे झाले असेल तर नवी तारीख येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी फॉरवर्डरला लेखी विचारावे.

जहाज सुटले, ईटीडीच्या जागी प्रत्यक्ष वेळ आली, तरी आपला कंटेनर त्यावर गेला आहे की मागे राहिला आहे, हे कंटेनर क्रमांक टाकून पाहावे. मग आठवडाभराने शिपिंग कंपनीने सीमाशुल्क विभागाकडे भरलेल्या निर्यात मालयादीत, म्हणजे ईजीएममध्ये, आपल्या शिपिंग बिलाची, म्हणजे निर्यातीच्या सीमाशुल्क विवरणपत्राची, नोंद जुळते का ते तपासावे, कारण ती जुळेपर्यंत आयजीएसटीचा (एकात्मिक वस्तू व सेवा कराचा) परतावा पुढे सरकत नाही.