शेक्सपियरचं ७३ नंबरचं सॉनेट वाचायचं कसं

कॉलेजात हे सॉनेट बहुतेकदा सुटं शिकवतात, म्हातारपणावरची कविता म्हणून, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. १६०९ च्या पुस्तकात एकूण १५४ सॉनेट्स आहेत, पहिली १२६ एका तरुण मित्रासाठी आहेत असं साधारण धरतात, त्यातलंच हे एक. म्हणून आधी ७१ आणि ७२ वाचा, मग हे, आणि न थांबता ७४. मी गेल्यावर तुझं काय, हेच बोलणं चारही सॉनेट्समध्ये चालू आहे.

आता ७३ मोठ्याने वाचा. केशवसुतांनी सुनीत, म्हणजे सॉनेटच, मराठीत आणल्यामुळे १४ ओळींचा बांधा आपल्या ओळखीचा आहेच, इथे चार-चार ओळींची तीन कडवी आणि शेवटी दोन ओळी. प्रत्येक कडव्यात 'इन मी' कुठे येतं ते पेन्सिलने गोल करा. पहिल्यात पानगळ, दुसऱ्यात संधिप्रकाश, तिसऱ्यात विझत आलेली आग, म्हणजे आधी वर्ष मग दिवस मग जेमतेम घटकाभर, वेळ कशी आवळत जाते बघा.

दुसऱ्या ओळीवर मात्र भरपूर रेंगाळा. 'येलो लीव्हज, ऑर नन, ऑर फ्यू'. पिवळी, मग थोडी, मग एकही नाही असा सरळ उतार सहज करता आला असता, पण तो 'एकही नाही' म्हणतो आणि परत 'थोडी' वर येतो, जणू दोन-चार पानं अजून टिकून आहेत हे त्याला बोलता बोलता दिसलं. मला तर इथे दरवेळी गलबलून येतं.

पुढे पानं झडलेल्या फांद्यांना तो पडके 'क्वायर्स' म्हणतो, क्वायर म्हणजे चर्चमधली गाणाऱ्यांची जागा. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने १५३६ पासून मठ बंद केले, कितीतरी ठिकाणी छप्पर उडालेल्या भिंतीच उरल्या, त्या डोळ्यासमोर आणा मग बोडक्या फांद्या आणि गेलेले पक्षी आपोआप दिसतात.

शेवटच्या ओळीत 'लीव्ह' आहे. मरणार कवी, पण सोडून जायचंय मित्राला! इथे पान मिटू नका कारण ७४ चा पहिलाच शब्द 'बट' आहे, पण तू शांत राहा, शरीर मातीचं, माझं जे खरं आहे ते या ओळींत तुझ्यापाशीच राहील असं तो पुढे समजावतो, तेव्हा ७३ ची शेवटची ओळ आणि हा 'बट' एका दमात वाचा.