सोलापूरच्या उन्हाळ्यात पावाचे आंबवण: तयारीची यादी

आंबवण म्हणजे पीठ-पाणी आंबवून केलेले, पाव फुगवणारे मिश्रण. त्याची बरणी काचेची आणि स्वच्छ असावी. झाकण सैल ठेवावे, कारण आत वायू तयार होत राहतो. त्याआधी मात्र एक छोटी वाटी वेगळी काढून तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी: पाव मळण्यापूर्वी आंबवणातले दोन चमचे या वाटीत गेलेच पाहिजेत. मागच्या खेपेस सगळेच कणकेत गेले. विरजण न राखता सारे दही कढीत ओतावे, तसला हा प्रकार.

पीठ गव्हाचे, गिरणीतून ताजे आणि न चाळलेले घ्यावे, कारण नैसर्गिक यीस्ट व जिवाणू कोंड्यावर अधिक असतात. ज्वारीचे पीठ आपल्याकडे घरोघरी असते, पण त्यात ग्लूटेन, म्हणजे कणकेला चिवट ताण देणारे प्रथिन, नसल्याने वायू धरला जात नाही आणि आंबवण किती फुगले ते कळत नाही. ते भाकरीसाठीच राहू द्यावे. नळाला पाणी येते त्या दिवशीचे क्लोरिनचा वास मारणारे पाणी वापरू नये, रात्रभर उघडे ठेवलेले घ्यावे. पीठ 50 ग्रॅम, पाणी 50 ग्रॅम, तेही वजन करून. अंदाजपंचे चालणार नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत जोरात बुडबुडे येतात, ते बहुतांशी जिवाणूंचे असतात. नंतर सारे थंडावते, तेव्हा घाबरून टाकून देऊ नये; आंबटपणा वाढल्यावरच यीस्टला जोर चढतो. रोज 50 ग्रॅम आंबवण ठेवून तेवढेच पीठ आणि पाणी घालावे. यीस्टला 25 अंशांच्या आसपासची हवा मानवते आणि एप्रिल-मे महिन्यांत आपला पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून बरणीला ओले फडके गुंडाळून ती पाण्याच्या परातीत, माठाशेजारी ठेवावी व पीठ-पाणी दिवसातून दोनदा घालावे. वर करडे पाणी सुटले तर आंबवण उपाशी आहे असे समजावे. गुलाबी-नारिंगी छटा किंवा बुरशी दिसली तर सगळे फेकावे. वरचे खरवडून भागत नाही.

वाटी काढली का? नसेल तर आता काढावी.

पीठ-पाणी घातल्यावर चार ते सहा तासांत, आणि असे सलग काही दिवस, आंबवण दुप्पट झाले की ते तयार. मळताना आधी वाटी, मगच परात. वाटी फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा पीठ-पाणी द्यावे. शिवाय थोडे आंबवण कागदावर पातळ पसरून, पंख्याखाली वाळवून डबीत भरावे. ते काही महिने टिकते. मीठ, मळणे, भाजणे नेहमीप्रमाणे.