जुनी हार्ली खोलताय? आधी या चुका टाळा

जुनी हार्ली-डेव्हिडसन दारात आली की हात शिवशिवायला लागतात आणि पहिल्याच आठवड्यात इंजिन खाली उतरतं. बहुतेक वेळा तशी गरज नसते.

सगळ्यात जास्त फसवतं ते तेल. हार्लीच्या शॉव्हेलहेड इंजिनात (1966 ते 1984) ऑइलची टाकी वेगळी असते. अमेरिकेतल्या थंड राज्यांत हिवाळाभर उभी राहिलेली गाडी एप्रिलमध्ये बाहेर काढावी, तर टाकी निम्मी! मालक लगेच लिटरभर ओततो. पण तेल कुठे गेलेलंच नसतं. पंपाच्या चेक व्हॉल्व्हमधली (तेल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) गोळी नीट बसली नाही, की ते हळूहळू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत उतरतं. गाडी सुरू झाली की पंप ते परत टाकीत ढकलतो, टाकी ओसंडते, ब्रीदरमधून (हवा बाहेर सोडणारी नळी) तेल जमिनीवर. मग ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या’ म्हणून निदान होतं! क्रँककेसचं तेल आधी काढा आणि पातळी इंजिन गरम झाल्यावरच बघा. सारखंच होत असेल तर गोळी आणि तिची बैठक साफ करा.

आयडलिंग वरखाली होतंय, कार्ब्युरेटरमधून फटाके येतायत? कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं) बदलत बसू नका. इनटेक मॅनिफोल्डचे (कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणारी नळी) रबरी रिंग कडक झाले की तिथून फुकटची हवा ओढली जाते. गाडी सुरू करून, इंजिन तापायच्या आत सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला, तर चोर सापडला.

पाने इंची हवेत. 13 मिमीचा पाना अर्ध्या इंचाच्या, म्हणजे 12.7 मिमीच्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो. जोर लावला की डोकं गोल. केहिनचा जपानी कार्ब्युरेटर असेल तर तिथे मात्र मेट्रिकच.

‘नवं मॉडेल घेतलं, आता कटकट नाही’ हेही खरं नाही. 1999 ते 2006 च्या ट्विन कॅम इंजिनात कॅम चेन ताणून धरणारे प्लास्टिकचे बूट झिजतात आणि त्यांचे तुकडे ऑइल पंपापर्यंत जातात. माझ्या मते अशी गाडी कॅम कव्हर उघडून पाहिल्याशिवाय घेऊच नये. 2007 पासून सगळ्या ट्विन कॅमना हायड्रॉलिक टेन्शनर (तेलाच्या दाबाने चेन ताणणारे) आले. त्याहून अलीकडच्या गाडीत एरर कोड दिसला की सेन्सर मागवण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंग तपासा.

कागदपत्रंही बघा. 1970 पूर्वीच्या हार्लीची ओळख इंजिनावरच्या नंबरावर असते, फ्रेमवर नाही. क्रँककेस बदललेली किंवा नंबर घासून पुन्हा ठोकलेला दिसला, तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.