संवेदनशील त्वचा असताना बेंबी कशी टोचून घ्यावी

नवरात्र महिन्यावर आले की बडोद्यात चणिया-चोळीच्या खरेदीबरोबर बेंबी टोचून घेण्याचा विचारही अनेक मुलींच्या मनात येतो, आणि त्यासाठी वर्षातला सर्वांत गैरसोयीचा काळ नेमका हाच असतो. कानाची पाळी दीड-दोन महिन्यांत सावरते, पण बेंबीवरची जखम पूर्ण बरी व्हायला साधारण सहा महिने ते एक वर्ष लागते. अशा ओल्या जखमेवर नऊ रात्री घागऱ्याचा नेफा घासत राहिला आणि घाम मुरत राहिला, तर धडधाकट त्वचेलाही ते सोसत नाही. म्हणून टोचून घ्यायचे असेल तर दिवाळीनंतर घ्यावे. हवा कोरडी असते, घाम कमी येतो आणि पुढच्या नवरात्रापर्यंत जवळजवळ अकरा महिने हाताशी राहतात.

तारीख ठरवण्याआधी आपल्या त्वचेला काय सोसत नाही ते शोधावे. माझ्या भाचीच्या बेंबीखाली उन्हाळाभर अर्धचंद्रासारखा लाल, खाजरा डाग असे. आम्ही तो घामोळ्यांचा समजत होतो, पण तो बरोबर जीन्सच्या धातूच्या बटणाखाली उमटत होता. खोट्या दागिन्यांनी कान चिघळणे, घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ येणे, हीदेखील त्याच, म्हणजे अशा बटणांत असणाऱ्या निकेल या धातूच्या, ॲलर्जीची लक्षणे असू शकतात. खात्री करण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. त्यात निकेल सल्फेट लावलेली पट्टी पाठीवर ४८ तास ठेवतात आणि पट्टी काढल्यावर, तसेच पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा पाहतात, कारण ही ॲलर्जी उशिरा उमटते. बेंबीभोवती इसब असेल, पूर्वी कान टोचल्यावर गाठ आली असेल, मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. धनुर्वाताची आणि हेपॅटायटिस बीची लसही झालेली असावी.

यानंतरचा प्रश्न धातूचा, आणि संवेदनशील त्वचेच्या बाबतीत निम्मे यश इथेच ठरते असे माझे स्पष्ट मत आहे. ‘सर्जिकल स्टील’ या नावाने मन निश्चिंत होते, परंतु त्या नावाने विकल्या जाणाऱ्या ३१६ एल या प्रकारच्या पोलादात साधारण १० ते १४ टक्के निकेल असते. ते बरेचसे धातूत बांधलेले राहत असले तरी घाम आणि जखमेतला स्राव यांच्या संपर्कात थोडे थोडे सुटू शकते. घरातली वडीलधारी माणसे सोने सुचवतात, कारण आपल्याकडे बाळाचे कान सोन्याच्या तारेनेच टोचतात. मात्र २२ कॅरेट सोने मऊ असल्याने त्यावर चरे पडतात आणि चऱ्यांत घाण साचते, तर हॉलमार्कवरून सोन्याचे प्रमाण कळते, उरलेला धातू कोणता ते कळत नाही. पहिल्या दागिन्यासाठी एएसटीएम एफ-१३६ दर्जाचे, म्हणजे शरीरात बसवण्यासाठी ठरवलेल्या दर्जाचे, टायटॅनियम मागावे आणि त्या दर्जाचा कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मुलामा दिलेला दागिना तर नकोच.

टोचून देणाऱ्या स्टुडिओत गेल्यावर आधी खुर्चीवर बसून दाखवावे. टोचतात ती बेंबी नव्हे, तिच्या वरच्या कडेची त्वचेची घडी. बसल्यावर ती घडी खाली दुमडून बेंबी मिटत असेल तर दागिना सतत दाबला जातो, आणि अशा वेळी नकार देणारा कारागीरच खरा जाणकार समजावा. सुई एकदाच वापरायची, पोकळ आणि आपल्यासमोर पाकिटातून काढलेली असावी, इतर उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक केलेली असावीत. कान टोचायच्या गनने टोचून घेऊ नये. तिने ऊती चिरडतात आणि ती नीट निर्जंतुक करता येत नाही. दागिन्याची दांडी साधारण १.६ मिलिमीटर जाडीची आणि सुजेला जागा राहील इतकी लांब घालतात. सूज ओसरली की ती तिथेच बदलून आखूड करून घ्यावी.

घरी आल्यावर जितके कमी कराल तितके बरे. हात साबणाने धुऊन, ०.९ टक्क्यांच्या निर्जंतुक सलाईनने भिजवलेला गॉज दिवसातून दोनदा जखमेवर ठेवावा, सुटलेली खपली हलकेच टिपावी आणि जागा कोरडी करावी. कापूस वापरू नये, त्याचे तंतू दांडीला गुंडाळतात. दागिना फिरवू नये. हळद, खोबरेल तेल, डेटॉल, स्पिरिट हे सारे कपाटातच राहू द्यावे. सोफ्रामायसिनसुद्धा आपल्या मनाने लावू नये, कारण त्यातले औषध निओमायसिनच्या कुळातले आहे आणि त्या कुळाची ॲलर्जी अनेकांना असते. परकराची नाडी आणि जीन्सचा पट्टा बेंबीच्या खालीच राहील असे पाहावे. जखम बरी होईपर्यंत पोहायला जाऊ नये.

पहिले काही आठवडे फिकट पिवळसर पाणी येऊन त्याची खपली धरणे स्वाभाविक आहे. खाज सुटून बारीक फोड येत असतील आणि छिद्र रुंदावल्यासारखे दिसत असेल तर संशय धातूवर घ्यावा. ठणका, ऊब, दाट पू, पसरत जाणारी लाली किंवा ताप असेल तर तो संसर्ग. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, पण दागिना आपणहून काढू नये, नाहीतर छिद्र मिटून पू आत कोंडतो. दोन छिद्रांमधली त्वचा पातळ होऊन तिच्यातून दांडी दिसू लागली, तर शरीर दागिना बाहेर ढकलत आहे असे समजावे आणि त्वचा फाटण्याआधी तो कारागिराकडून काढून घ्यावा.