सेकंडहँड गाडीचं इंजिन खोलायचं की नाही, हे खोलायच्या आधी कसं ठरवायचं

नागपुरात जुनी गाडी घेतली आणि सायलेन्सरमधून थोडा निळसर धूर दिसला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, इंजिन काम निघते, खोलावं लागीन." मलाही हेच ऐकवलं होतं. २०१२ची वॅगन आर, एक लिटरचं तीन सिलिंडरवालं इंजिन, एमएच ३१ पासिंग. एका गॅरेजवाल्याने कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावलं, तिन्ही सिलिंडरला ११० पीएसआयच्या आसपास आलं, म्हणाला रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) आणि पिस्टन गेले, आणि मी जवळजवळ हो म्हणून बसलो होतो. मग ओळखीच्या एका मिस्त्रीने तीच टेस्ट नीट केली तर १६५, १७०, १६५! पहिल्यांदा बॅटरी उतरलेली होती आणि थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, बंदच होतं, म्हणजे इंजिनला श्वासच घेऊ दिला नव्हता. खराब निघाले ते फक्त वाल्व सील (वाल्वच्या दांडीवरून ऑइल सिलिंडरमध्ये उतरू न देणारे रबर), आणि ते हेड, म्हणजे इंजिनचा वाल्व असलेला वरचा भाग, न उतरवता बदलले.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे, दोन वेगवेगळ्या तपासण्या एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत तोवर हेडच्या बोल्टला पाना लावू द्यायचा नाही.

सुरुवात ऑइलपासून करा. विकणारे बरेचदा जाड ऑइल टाकून देतात, त्याने धूर दबतो, आवाज दबतो, प्रेशर चांगलं दिसतं. म्हणून आधी मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाका, मगच तपासायला बसा. जुना फिल्टर फेकू नका, तो कापून कागदाची घडी उलगडून उन्हात बघा. चमकणारा चुरा चुंबकाला चिकटला तर लोखंड, न चिकटणारा तांबूस किंवा रुपेरी असेल तर बेअरिंगचा संशय धरा. गाडी बघायला जाल तेव्हा बोनेटला हात लावून बघा, इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर सकाळी थंड असताना पुन्हा या.

धूर किती निघतो यापेक्षा कधी निघतो ते बघा. सकाळी सेल्फ मारल्यावर दोन-चार सेकंद निळा धूर आणि मग साफ, तर वाल्व सील. सदरच्या उड्डाणपुलावरून रेसवरचा पाय काढून उतरलात आणि खाली आल्यावर रेस दिली की भसकन आला, तरी सीलच. पण रामटेकच्या गडावर चढताना, गाडीत चार माणसं असताना सारखा निळा धूर येत राहिला तर मग रिंगकडे लक्ष द्या. हे आपल्याला आतून दिसत नाही, मागे दुसऱ्या गाडीत कोणाला तरी बसवा. काळा धूर म्हणजे पेट्रोल-डिझेल जास्त जळतंय, त्यासाठी इंजिन खोलायचं काहीच कारण नाही. टर्बोवाल्या डिझेलमध्ये निळा धूर टर्बोच्या सीलमधूनही येतो, आधी इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप काढून आत ऑइल साचलंय का बघा.

आता ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा रिंगजवळून निसटून ऑइलच्या झाकणातून बाहेर मारते ते. चालू गाडीचं ऑइलचं झाकण उघडून मिस्त्री दाखवतो, "बघा, किती मारून राह्यलं." थोडं प्रत्येक इंजिन मारतं, आणि पीसीव्ही वाल्व (इंजिनच्या पोटातली ही हवा परत इनटेकमध्ये सोडणारा छोटा वाल्व) चोक असेल तर चांगलं इंजिनही जोरात मारतं आणि ऑइलही पितं. हा पार्ट स्वस्त आहे, बहुतेक गाड्यांत काढून हलवला की खडखड वाजायला पाहिजे, वाजत नसेल तर बदला आणि मग पुन्हा झाकण उघडून बघा.

ऑइल खरंच किती पितं ते अंदाजाने बोलू नका. सपाट जागेवर, सकाळी थंड असताना पट्टीवर लेव्हल बघा, १००० किमी चालवा, मापाच्या बाटलीने पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. १००० किमीला १ लिटरपर्यंत बऱ्याच कंपन्या चालवून घेतात, पण माझ्या मते जुन्या गाडीत २००-३०० मिलीपर्यंत निवांत राहावं, अर्ध्या लिटरच्या वर गेलं की शोध सुरू करावा. आणि हो, रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून बघा, कधीकधी ऑइल जळत नसतं, नुसतं गळत असतं.

मग कॉम्प्रेशन, हीच टेस्ट लोक सगळ्यात जास्त चुकवतात. इंजिन गरम, बॅटरी फुल, सगळे प्लग बाहेर, कॉइल (प्लगला करंट देणारी) आणि इंजेक्टरचे कपलर काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडं, आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे सारखेच पाच-सहा फेरे. पेट्रोलला साधारण १५० ते २०० पीएसआय ठीक, पण मॅन्युअलचा आकडा खरा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरा-सिलिंडरात १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. डिझेलला ३५० ते ४५० असतं, त्याला पेट्रोलचं गेज लावू नका. एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर, ५ मिली, ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा बराच वर गेला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), तिथंच राहिला तर वाल्व किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर सोबत कमी असतील तर त्या दोघांच्या मधलं हेड गॅस्केट, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी टाकून गाडी गरम करणारे भरपूर आहेत, त्यामुळे हे जाम दिसतं.

शक्य असेल तर लीक-डाउनही करून घ्या. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान लावायचा. एअर फिल्टरकडे फुसफुस म्हणजे इनटेक वाल्व, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट वाल्व, ऑइलच्या झाकणातून म्हणजे रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट. १० टक्क्यांच्या आत गळती असेल तर मस्त, ३०च्या वर गेली तर तो सिलिंडर उघडायचा. गाडी वर्ष-दोन वर्षं उभी राहिली असेल तर मात्र थांबा, रिंग कार्बनने अडकलेल्या असू शकतात, वर्धा रोडने दोन-तीन लांब चकरा मारा, ऑइल बदला, मग पुन्हा मोजा.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही. जड, ठोक-ठोक आवाज लोडवर वाढतोय आणि गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतोय, तर गाडी टोइंग करून न्या, चालवू नका. प्रेशर स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून मोजा, दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय हा ढोबळ हिशोब. एकेका सिलिंडरची कॉइल काढून बघा, ज्याची काढल्यावर ठोका कमी झाला त्याचं कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. बऱ्याच गाड्यांत नुसतं चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवून बेअरिंग बघता येतं, हेडला हात लावायची गरज नाही.

पैशाचा हिशोबही करा. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची, २०१२च्या गाडीला २०२७मध्ये पुन्हा पासिंग. फुल इंजिन कामाऐवजी जुनं इंजिन बसवायचं असेल तर नवा इंजिन नंबर आरटीओत चढवावा लागतो, हे काम दुकानदारावर सोडू नका.

आणि खोलायचं ठरलंच तर त्या दिवशी तिथं उभे राहा. पिस्टन मागवायच्या आधी बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, आडवं-उभं मोजायला लावा. बोअर अंडाकृती झालं असेल तर लेथवाल्याकडे बोअरिंग करूनच घ्या, अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंग बसत नाहीत, आणि तीच गाडी थोड्याच दिवसांत पुन्हा धूर मारत त्याच गॅरेजला येते.