सोलापूरच्या आकाशात मेरिडियन फ्लिप: रात्रभर फोटो काढू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

मेरिडियन फ्लिप, म्हणजे फोटो काढता काढता मध्येच दुर्बीण तिच्या स्टँडच्या दुसऱ्या बाजूला वळवणं, आपोआप कसा करायचा हे शिकवणारे बहुतेक व्हिडिओ युरोप-अमेरिकेतल्या लोकांचे असतात. सॉफ्टवेअरची बटणं त्यांची आणि आपली सारखीच, आकाश मात्र सारखं नाही. मृगातला तेजोमेघ याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर (मेरिडियनवर) येतो तेव्हा लंडनहून तो क्षितिजापासून ३३ अंशांवर दिसतो. सोलापुरात तोच ६७ अंशांवर. कृत्तिका तर ८३ अंशांच्याही वर, म्हणजे मान मोडेपर्यंत वर बघायचं. दुर्बीण एवढी उभी झाली की तिची मागची बाजू, जिथे कॅमेरा लावलेला असतो, ट्रायपॉडच्या पायांजवळ येते. त्यामुळे ‘मेरिडियन ओलांडल्यावर अर्धा तास तसंच चालू द्या, काही होत नाही’ हा सल्ला तिकडे चालत असेल, इथे कॅमेरा आपटतो.

नव्यांसाठी थोडक्यात. माउंट म्हणजे आकाशाबरोबर दुर्बीण फिरवणारा स्टँड. जर्मन इक्वेटोरियल माउंटवर एका बाजूला दुर्बीण, दुसऱ्या बाजूला वजनं. वस्तू पूर्वेला असताना दुर्बीण माउंटच्या पश्चिमेला असते आणि तिचं मागचं टोक ट्रायपॉडपासून लांब. वस्तू तासाला १५ अंशांनी सरकत मेरिडियनवर येते तेव्हा वजनाचा दांडा आडवा होतो. पुढेही ट्रॅकिंग चालूच ठेवलं तर वजनं वर चढतात, दुर्बीण खाली उतरते आणि कॅमेरा पायाकडे सरकतो. म्हणून दोन्ही अक्ष फिरवून दुर्बीण माउंटच्या पूर्वेला आणायची आणि तीच वस्तू पुन्हा धरायची. हाच फ्लिप. हार्मोनिक ड्राइव्हचा माउंट घेतलात, वजनं नसली, तरी इक्वेटोरियल पद्धतीने वापरताना यातून सुटका नाही.

आपल्याकडची दुसरी अडचण व्हिडिओत जवळजवळ कुणीच सांगत नाही. सोलापूरचे अक्षांश १७.७, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर. माउंटचा ध्रुवाक्ष, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला अक्ष, त्यामुळे जवळपास आडवा झोपतो आणि वजनं खाली असताना दांडा उत्तरेकडे कलून ट्रायपॉडच्या उत्तरेच्या पायाजवळ लोंबतो. वस्तूमागे फिरताना तो तिथे कधी येत नाही. फ्लिपमध्ये मात्र वजनं पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात ती बरोबर या खालच्या जागेतूनच. बार्शी रोडला एका मित्राच्या शेतात आम्ही हे लाल बॅटरीच्या उजेडात नीट पाहिलं. वजन पायाच्या नटाजवळून जेमतेम दोन बोटं अंतर ठेवून गेलं. वजन दांड्यावर आणखी खाली असतं तर अडकलंच असतं. उपाय अवघड नाहीत. वजन दांड्यावर वर सरकवा, त्याने तोल जात असेल तर वरच आणखी एक वजन जोडा. नाहीतर ट्रायपॉड आणि माउंटच्या मध्ये छोटा पिअर एक्स्टेन्शन, म्हणजे उंची वाढवणारा खांब, घ्या. दक्षिणेत कोईमतूर-बंगळूरकडच्यांचा ध्रुवतारा आपल्याहूनही खाली, त्यांना हे आणखी सांभाळावं लागतं.

आता ऑटोमेशन. माउंट आणि कॅमेरा रात्रभर चालवायला मी लॅपटॉपवर निना हे सॉफ्टवेअर वापरतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एकॉस हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर वापरणारेही बरेच आहेत, तर्क तोच. निनाला तीन गोष्टी सांगायच्या: मेरिडियननंतर कमीत कमी किती मिनिटांनी फ्लिप करायचा, जास्तीत जास्त किती मिनिटं थांबायचं, आणि मेरिडियनच्या आधी काही वेळ ट्रॅकिंग थांबवायचं का. फ्लिप दोन एक्सपोजरच्या मध्ये होतो. म्हणून किमान आणि कमाल यांच्यातलं अंतर तुमच्या एका एक्सपोजरपेक्षा मोठं हवं, नाहीतर कॅमेरा नुसता बसून राहतो. माझं एक्सपोजर ३ मिनिटांचं, किमान ३, कमाल ८. आठ मिनिटांत आकाश २ अंश सरकतं, तेवढी जागा माझ्या रिफ्रॅक्टरच्या (भिंगाच्या दुर्बिणीच्या) मागे आहे. तुमच्याकडे आहे का, हे हाताने तपासा. माझे आकडे उचलू नका.

किमान शून्य का ठेवायचं नाही? कारण निना स्वतः दुर्बीण उलटवत नाही. ते माउंटला फक्त ‘त्याच वस्तूकडे परत जा’ असं सांगतं आणि कोणत्या बाजूने जायचं हे माउंट ठरवतो. माउंटच्या हिशेबात मेरिडियन अजून आलेलंच नसेल तर तो त्याच बाजूला राहतो. स्क्रीनवर फ्लिप झाला, दुर्बीण आहे तिथेच. दोन-तीन मिनिटं उशीर केला की ही गोंधळाची जागा मागे पडते.

म्हणून वेळ आणि ठिकाण फार महत्त्वाचं. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरून माउंट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सवयीने पुण्याचे रेखांश टाकले, तर पुणे आणि सोलापूर यांच्यात २ अंशांचा फरक, म्हणजे फ्लिप ८ मिनिटं उशिरा. ८ मिनिटांची कमाल मर्यादा ठेवून प्रत्यक्षात १६ मिनिटं झाली. माउंटच्या सिनस्कॅन हँडसेटमध्ये तारीख महिना आधी अशी टाकायची असते, आणि डेलाइट सेव्हिंग विचारलं की ‘नो’. तिथे ‘यस’ दाबलं की सरळ एक तासाचा घोळ. शेतात इंटरनेट नसतं, त्यामुळे लॅपटॉपचं घड्याळ घरून निघतानाच जुळवून घ्या. आणखी एक, भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७५.९ वर, म्हणून सोलापूरची खरी मध्यरात्र घड्याळात १२ वाजून २६ मिनिटांनी होते. डिसेंबरच्या मध्यात मृगातला तेजोमेघ साधारण साडेबाराला मेरिडियनवर येतो, ते याच कारणाने. पुढे रोज चार मिनिटं आधी.

ड्रायव्हरची स्वतःची मर्यादा ही फ्लिपपेक्षाही आधी लावायची गोष्ट आहे. ईक्यूमॉड असो की ग्रीन स्वॉम्प, मेरिडियननंतर अमुक अंशांवर ट्रॅकिंग बंद करायला त्याला सांगता येतं. ही मर्यादा निनाच्या कमाल मिनिटांच्या थोडी पलीकडे हवी. आतली ठेवली तर माउंट फ्लिपच्या आधीच थांबतो आणि उरलेल्या फोटोंत ताऱ्यांच्या रेघा येतात. मर्यादाच लावली नाही तर निना मध्येच बंद पडल्यावर माउंटला थांबवणारं कोणी उरत नाही. माझ्या मते ज्याने मर्यादा लावलेली नाही, त्याने झोपायला जाऊच नये, बाकी सगळं कितीही छान चालत असू दे.

फ्लिपनंतर प्लेट सॉल्व्हिंगने, म्हणजे फोटोतले तारे ओळखून दुर्बीण नेमकी कुठे बघतेय हे शोधून, वस्तू पुन्हा मध्यावर आणायची. त्यासाठी ॲस्टॅप हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे, ताऱ्यांचा कॅटलॉग आधी उतरवून ठेवला की शेतात नेट लागत नाही. नंतर गाईडिंग, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटच्या बारीक चुका सुधारत राहणं. ते करणाऱ्या पीएचडी२ ला दुर्बीण कोणत्या बाजूला आहे हे ॲस्कॉममधून (सॉफ्टवेअर आणि माउंट यांच्यातला दुवा) कळतं, आणि ते कॅलिब्रेशन स्वतःच उलटवतं. फक्त एसटी-४ या गाईडिंगच्या केबलने जोडलं असेल तर हे कळत नाही. पीएचडी२ मध्ये ‘फ्लिपनंतर डेक आउटपुट उलटा’ असा एक चौकोन आहे. तो टिक करायचा की नाही हे माउंटवर अवलंबून. ओळखायची खूण सोपी: फ्लिपनंतर आलेखात आरएची (पूर्व-पश्चिम) रेघ शांत आणि डेकची (उत्तर-दक्षिण) एकाच दिशेने पळत सुटली, तर तो चौकोन उलटा करा. नव्या आवृत्तीत हे तपासणारं साधनही आहे.

केबलींबद्दल फार लिहीत नाही. हब दुर्बिणीवर, खाली एकच बारा व्होल्टची वायर आणि एक यूएसबी, दोन्ही माउंटच्या डोक्याजवळ वेल्क्रोने बांधलेल्या. फ्लिप करून बघताना वायर ताणत असेल तर ती कॅमेऱ्याच्या सॉकेटमधून सुटणार हे धरूनच चला.

चाचणी कशी करायची ते सांगतो, कारण इथे लोक घाई करतात. पहिला फ्लिप दिवसा, दुर्बिणीच्या तोंडावर झाकण ठेवून, कॅमेरा बंद, एक हात वीज तोडायच्या स्विचवर. दुसरा अंधारात, मेरिडियनच्या दहाएक मिनिटं पूर्वेला असलेला एखादा डोक्यावरचा तारा धरून, ३० सेकंदांची एक्सपोजर लावून. रोहिणी यासाठी उत्तम, सोलापूरच्या डोक्यापासून जेमतेम एक अंश दक्षिणेला जाते, म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थिती आपोआप तपासली जाते. पूर्ण साखळी, म्हणजे थांबणं, फिरणं, मध्यावर आणणं, गाईडिंग, फोकस, खुर्चीत बसून बघा. आमच्या शेतमालकाने ती बघितली तेव्हा चादर गुंडाळून उभा होता. दुर्बीण घरघरत फिरली, पुन्हा मृगावर आली, तर म्हणाला, “काय बे, कुणी हात लावला नाय आन् फिरलं की!” आणि मग लगेच, “मग आता तू इथं कशाला बसलाय?” प्रश्न रास्त होता. तरी मी बसलो. लागोपाठ काही रात्री फ्लिप बिनचूक झाल्यावरच सकाळच्या ड्युटीसाठी गाडीत जाऊन झोपायला सुरुवात केली, तीसुद्धा मोबाइलवर टेलिग्रामचा संदेश येईल अशी सोय करून.

फ्लिपनंतरचे फोटो १८० अंशांनी उलटे येतात. फोटो एकत्र करणारं सिरिल हे सॉफ्टवेअर ते स्वतः जुळवून घेतं. कॅमेरा दुर्बिणीवर फिरवला नसेल तर दोन्ही बाजूंना तेच फ्लॅट (धुळीचे डाग घालवायला वेगळे काढलेले फोटो) चालतात, कारण सेन्सरवरची धूळ कॅमेऱ्याबरोबरच फिरते. शहराच्या दिव्यांचा उजेड मात्र दोन्ही अर्ध्या भागांत वेगळ्या कोपऱ्यात दिसेल, तेव्हा पार्श्वभूमी साफ करायचं काम स्टॅक करण्याआधी, म्हणजे फोटो एकावर एक रचण्याआधी, प्रत्येक फोटोवर करा.

एप्रिलमध्ये ओमेगा सेंटॉरी या तारकागुच्छाचे फोटो काढायला जाल तेव्हा हे आकडे बदला. तो गुच्छ आपल्याकडे दक्षिणेला २५ अंशांवरच चढतो, दुर्बीण जवळपास आडवी राहते आणि मागचं टोक पायापासून लांब. तिथे कमाल २० मिनिटं ठेवली तरी चालतं. निनात त्यासाठी वेगळं प्रोफाइल करा, ड्रायव्हरची मर्यादाही तेवढीच वाढवा, आणि परत कृत्तिकेकडे वळण्याआधी जुनं प्रोफाइल लावलंय ना, ते बघा.